मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या वळणावर

चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे मी ब्रेकच्या चाचणी विभागात काम केले. गाडी किती वेगाने पळते याचे मला फारसे अप्रूप कधीच नव्हते. ती किती अंतरात थांबते, शंभराव्यांदा थांबवतानाही पहिल्याइतकीच थांबते का, आणि पॅड किती तापल्यावर पकड सोडतात, हे माझे विषय. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीला मुलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कॅरी या गावी गेलो असताना जावयांनी ‘बाबा, एखादी स्टॉक कार शर्यत पाहायची का?’ असे विचारले, तेव्हा मी आधी वेळापत्रक मागवले आणि मार्टिन्सव्हिलचे मैदान निवडले. नॅसकार ही रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या ‘स्टॉक कार’च्या शर्यती भरवणारी अमेरिकी संस्था. तिच्या वेळापत्रकात याहून वेगवान मैदाने पुष्कळ आहेत, पण ब्रेकची इतकी कठोर परीक्षा घेणारे दुसरे मैदान क्वचितच असेल. भाऊबीज बुधवारी झाली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे निघालो. गाडीच्या मागच्या सीटवर मुलीने चकल्या, शंकरपाळे आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे ठेवले होते.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर : शार्लट

कॅरीहून शार्लट अडीच-पावणेतीन तासांवर आहे. शर्यत व्हर्जिनिया राज्यात असली, तरी शार्लट आणि आसपासच्या गावांत बहुतेक संघांच्या कार्यशाळा आहेत, शिवाय २०१० साली उघडलेले नॅसकारचे ‘हॉल ऑफ फेम’ हे थोर मंडळींचा सन्मान करणारे संग्रहालयही तिथेच आहे. ज्यांना या खेळाची काहीच माहिती नाही, त्यांनी शर्यतीआधी अर्धा दिवस इथे जरूर काढावा. दारातून आत गेले की ‘ग्लोरी रोड’ नावाचा वळत वर चढणारा रस्ता लागतो आणि त्यावर वेगवेगळ्या काळातल्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. हा रस्ता हळूहळू कलत जातो आणि शेवटी तालाडेगाच्या मैदानाएवढा, म्हणजे ३३ अंशांचा होतो. त्या उतारावर पाऊल ठेवून पाहिले, तर नीट उभेही राहता येत नाही. मार्टिन्सव्हिलच्या वळणांना कल आहे फक्त १२ अंशांचा. तालाडेगाला गाडी वळवण्याचे बरेचसे काम जमीनच करते; मार्टिन्सव्हिलला ते टायर आणि ब्रेक यांनाच करावे लागते. हा फरक मला त्या उतारावर उभे राहून जितका स्पष्ट कळला, तितका आकडे वाचून कळला नसता.

तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो वेंडेल स्कॉट यांच्या माहितीपाशी. मार्टिन्सव्हिलच्या शेजारच्या डॅनव्हिल गावचा हा कृष्णवर्णीय चालक स्वतःच्या गाड्या स्वतः दुरुस्त करून शर्यतीत उतरत असे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे तो जिंकला, पण विजयी म्हणून नाव पुकारले गेले दुसऱ्याचे. चूक कित्येक तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर मान्य केली गेली. सर्वोच्च श्रेणीची शर्यत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय चालक. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव आले २०१५ साली, मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. जो माणूस सुटे भाग विकत घ्यायलाही पैसे नसताना रात्र रात्र इंजिन जोडून दुसऱ्या दिवशी मैदानात उभा राहत असे, त्याच्या हातात त्या दिवशी करंडक ठेवला गेला नाही, हे वाचून मन फार खिन्न झाले. जावईही बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री मुक्कामाला ग्रीन्सबरोला गेलो. शर्यतीच्या आठवड्यात मार्टिन्सव्हिलमध्ये खोली मिळणे कठीण असते आणि मिळालीच तर भाडे चढे असते. ग्रीन्सबरोहून सकाळी तासाभरात मैदान गाठता येते.

शनिवार, २९ ऑक्टोबर : पात्रता फेरी आणि धाकटी शर्यत

ग्रीन्सबरोहून उत्तरेला जाणारा २२० क्रमांकाचा रस्ता त्या दिवसांत फार देखणा होता. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर पिवळा, तांबूस आणि विटकरी रंग चढला होता, आणि दोन दिवसांवर हॅलोविन असल्याने घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले होते. मैदान खरे तर मार्टिन्सव्हिल शहराच्या दक्षिणेला, रिजवे या गावाशी आहे. आम्ही आधी शहरात एक फेरी मारली. हे एकेकाळचे गिरणगाव आहे. फर्निचर, नायलॉन, होजिअरी यांच्या कारखान्यांवर हा सारा परिसर उभा होता आणि १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांतले बहुतेक बंद पडले. लाल विटांच्या लांबलचक इमारती आणि त्यांच्या बंद खिडक्या पाहताना मला परळ-लालबागची आठवण होणे अपरिहार्य होते.

या मैदानाचा इतिहास नॅसकारपेक्षाही जुना आहे. क्ले अर्ल्स या स्थानिक गृहस्थांनी ते बांधले आणि १९४७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे पहिली शर्यत झाली. नॅसकारची स्थापना त्यानंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत झाली. पहिल्या दिवशी तयार खुर्च्या होत्या ७५० आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते ६,०१३. रविवारचे ठेवणीतले कपडे घालून आलेली मंडळी लाल मातीच्या धुळीने माखून घरी गेली, असे सांगतात. १९५५ साली मातीवर डांबर पडले आणि १९७६ पासून वळणांवर काँक्रीट आहे. नॅसकारच्या १९४९ च्या पहिल्या मोसमातल्या मैदानांपैकी सर्वोच्च श्रेणीच्या वेळापत्रकात खंड न पडता टिकून राहिलेले हे एकमेव मैदान.

आकार कागदाला लावायच्या टाचणक्लिपसारखा : जेमतेम ८०० फुटांचे दोन सरळ सपाट पट्टे आणि त्यांना जोडणारी दोन अरुंद वळणे (प्रत्येकाचे दोन भाग धरून त्यांना पहिले ते चौथे वळण म्हणतात). पूर्ण फेरी ०.५२६ मैलांची, म्हणजे साडेआठशे मीटरही नाही. सरळ पट्ट्यावर जितका वेग घ्यावा, त्यातला निम्म्याच्या आसपास पुढच्या काही क्षणांत ब्रेकवर सोडून द्यावा लागतो. रविवारची शर्यत ५०० फेऱ्यांची, म्हणजे प्रत्येक चालकाला सुमारे १००० वेळा कडक ब्रेक मारायचा. सगळे मिळून अंतर २६३ मैल, म्हणजे सुमारे ४२३ किलोमीटर.

बसायची जागा चौथ्या वळणाच्या बाहेर, वरच्या रांगांत होती. गाड्या सरावाला उतरल्या आणि चार-पाच फेऱ्यांतच तो वास आला. पावसाळ्यात बोरघाट उतरून आलेले भरलेले ट्रक खोपोलीत थांबले की त्यांच्या चाकांपाशी जो करपट, धातुमिश्रित वास येतो, तोच हा वास. चौतीस वर्षे तो माझ्या कपड्यांना येत असे. दुर्बिणीतून पाहिले, तर वळणात शिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या आत डिस्क निखाऱ्यासारख्या लाल झालेल्या दिसत होत्या. त्या मोसमात आलेल्या नव्या पिढीच्या गाडीला १८ इंची चाके आहेत, त्यामुळे आत पूर्वीपेक्षा मोठ्या डिस्क बसतात. तरीही त्या लाल होत होत्या. मी जावयांना म्हणालो की हे एक दृश्य पाहिले तरी आपले तिकीट वसूल झाले.

रविवारी कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत काइल लार्सनने पहिले स्थान मिळवले. दुपारी धाकट्या श्रेणीची, म्हणजे एक्सफिनिटी मालिकेची शर्यत झाली आणि तिचा शेवट मला मुळीच आवडला नाही. ब्रँडन जोन्स जिंकला असता, तर मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत गेला असता; शेवटच्या फेरीत त्याच्याच संघाच्या टाय गिब्जने त्याला मागून धडक देऊन बाजूला केले आणि शर्यत जिंकली. आमच्या भोवतीचे प्रेक्षक उभे राहून हुर्यो करत होते. स्टॉक कार शर्यतीत मागच्याने पुढच्याला थोडा धक्का देणे चालते, किंबहुना मार्टिन्सव्हिलसारख्या अरुंद मैदानावर ते गृहीतच असते. पण धक्का देणे आणि पार उडवून लावणे यांतला फरक तिथल्या लहान मुलांनाही कळत होता.

इथे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. कानात घालायचे बोळे घेतल्याशिवाय आत जाऊ नये. मुलांसाठी तर कान पूर्ण झाकणारे हेडफोनच न्यावेत. बाके अॅल्युमिनियमची आणि गार असतात, म्हणून बसायला गादी न्यावी. मऊ कापडी कूलरमधून स्वतःचे खाणे-पिणे आत नेऊ देतात. त्याच्या आकाराची मर्यादा निघण्याआधी पाहून घ्यावी. गाडी लावायला पैसे पडत नाहीत, परंतु बाहेर पडताना फार खोळंबा होतो, म्हणून शर्यत संपल्यावर अर्धा-पाऊण तास आतच बसून राहिलेले बरे. चालक आणि त्यांचे संघ रेडिओवर जे बोलतात, ते ऐकण्याचा स्कॅनर भाड्याने मिळतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तो घ्यावा असे माझे मत आहे, कारण त्याशिवाय निम्मी शर्यत कळत नाही.

रविवार, ३० ऑक्टोबर : पाचशे फेऱ्या

आकाश ढगाळ होते आणि सकाळी चांगलाच गारठा होता. आम्ही तीन तास आधी पोहोचलो. मार्टिन्सव्हिलचे हॉट डॉग प्रसिद्ध आहेत : भडक लालसर-गुलाबी सॉसेज, वर मोहरीची चटणी, खिम्याची चिली, कांदा आणि कोबीची कोशिंबीर, हे सारे मेणकागदात गुंडाळून तेव्हा दोन डॉलरला. मी मांसाहार करत नाही, त्यामुळे चव जावयांकडून ऐकली. ते दोन खाऊन तिसऱ्यासाठी रांगेत उभे राहिले, यावरून काय ते समजावे. शाकाहारी माणसाने मात्र घरूनच शिदोरी न्यावी.

शेजारच्या जागेवर पंच्याहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ नातवासह बसले होते. नातवाच्या डोक्यावर कलिंगडाच्या चित्राची टोपी होती, कारण त्याचा लाडका चालक रॉस चॅस्टेन हा फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या शेतकरी घराण्यातला. जिंकला की गाडीवर उभे राहून कलिंगड रस्त्यावर फोडतो. आजोबांनी उभा जन्म तिथल्याच फर्निचरच्या कारखान्यात काढला होता. मी ब्रेकच्या कामातला आहे हे समजल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘मग तुम्ही डोळ्यांनी पाहू नका, कानांनी पाहा. वळण आले की प्रत्येक इंजिनाचा आवाज खाली बसतो. कोण उशिरा बसतो ते ऐका, म्हणजे कोण पुढे जाणार ते कळेल.’ मी त्यांना चकलीचा डबा पुढे केला. त्यांनी एक खाल्ली, नातवाने चार.

त्या दिवशीचा गुणांचा हिशेब थोडक्यात असा. मोसमाच्या विजेतेपदाच्या चढाओढीत आठ चालक टिकून होते आणि त्यांतले चारच पुढच्या रविवारी फिनिक्सला त्यासाठी लढणार होते. जोई लोगानोने लास व्हेगासची शर्यत जिंकून आपली जागा आधीच पक्की केली होती. उरलेल्या तीन जागांसाठी सात जण होते. क्रिस्टोफर बेल गुणांत इतका मागे होता की त्याला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. डेनी हॅमलिन हा बेलचाच संघसोबती, व्हर्जिनियाचा, या मैदानावर तोवर पाच वेळा जिंकलेला. मैदानात त्याच्या नावाचा जयघोष मोठा होता. हॅमलिन आणि चॅस्टेन यांच्यात उन्हाळ्यापासून वैर होते. चॅस्टेनने त्याला दोन शर्यतींत आपटवले होते आणि पोकोनोच्या शर्यतीत हॅमलिनने चॅस्टेनला भिंतीवर ढकलून उट्टे काढले होते. आता शेवटच्या जागेसाठी नेमके हेच दोघे झगडत होते.

शर्यतीचा बराचसा मधला भाग हॅमलिनचा होता. त्याने २०३ फेऱ्या आघाडी सांभाळली. हा भाग पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटू शकतो, कारण नव्या गाडीला या मैदानावर पुढच्याला मागे टाकणे फार जड जात होते. मी मात्र आजोबांनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून ऐकत होतो. तिसाहून अधिक इंजिनांचा आवाज वळणापाशी खाली बसतो, पुन्हा चढतो, दर वीस सेकंदांनी. आणि त्यात खरोखरच हॅमलिनचे इंजिन इतरांपेक्षा किंचित उशिरा बसत होते. पुढच्या दोनशे-तीनशे फेऱ्या पॅड शिल्लक राहावेत म्हणून पाय कुठे जपायचा आणि कुठे जोर लावायचा, हे त्याला नेमके ठाऊक होते. आमच्या चाचणीयंत्रावर जो आलेख काढायला आम्हाला आठ-आठ तास लागत, तो हा माणूस तळपायाने काढत होता.

शेवटच्या टप्प्यात सर्वांनी वेग कमी करण्याची खूण असलेला पिवळा झेंडा आला, बरेच जण नवे टायर घ्यायला आत गेले आणि चेस ब्रिस्को जुन्याच टायरवर पुढे राहिला. बेल नव्या टायरवर मागून एकेकाला ओलांडत आला आणि शेवटच्या मोजक्या फेऱ्यांत त्याने ब्रिस्कोला गाठले. ओक्लाहोमातल्या मातीच्या मैदानांवर घडलेला हा शांत मुलगा त्या दिवशी फार सुरेख गाडी चालवत होता. शेवटची फेरी सुरू झाल्याचा पांढरा झेंडा पडला तेव्हा बेल पुढे, हॅमलिन पहिल्या पाच-सहांत, आणि चॅस्टेन दहावा. चॅस्टेनला दोन गुण कमी पडत होते. आजोबांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते काही न बोलता बसून राहिले.

सगळ्यांच्या नजरा बेलवर होत्या. माझीही होती. पाठीमागच्या पट्ट्यावरून गाड्या तिसऱ्या वळणाकडे आल्या आणि नेहमीप्रमाणे सारे आवाज एकापाठोपाठ खाली बसले. एक बसला नाही. तो उलट चढतच गेला. मी दचकून त्या दिशेने पाहिले, तर एक गाडी उजव्या अंगाने भिंतीला पूर्ण चिकटून, ठिणग्यांचा पट्टा मागे सोडत, इतरांहून कितीतरी अधिक वेगाने वळण कापत होती. क्षणभर मला वाटले की हिचे ब्रेक निकामी झाले. चौतीस वर्षे याच एका गोष्टीचे भय बाळगलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! मी उभा राहिलो. गाडी आमच्या समोरून भिंत खरवडत गेली आणि अंतिम रेषेपाशी हॅमलिनला बोटभर अंतराने मागे टाकून निघून गेली. नातू किंचाळत होता, आजोबा डोक्याला हात लावून उभे होते, आणि नेमके काय झाले हे आमच्या रांगेतल्या कोणालाच सांगता येत नव्हते.

काय झाले ते हळूहळू उलगडले. चॅस्टेनने पाठच्या पट्ट्यावर पाचवा गिअर टाकला, ब्रेक मारलाच नाही, गाडी भिंतीला लावली आणि स्टिअरिंग सोडून दिले. वळताना गाडीला आत खेचून धरण्याचे काम टायर करतात. त्या वेगाला टायर पुरे पडत नाहीत, म्हणून तो सारा भार भिंतीने घेतला. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये आपण असे करत असू, असे त्याने नंतर सांगितले. एका वळणात पाच गाड्या ओलांडून तो पाचवा आला आणि अंतिम चौघांतली शेवटची जागा हॅमलिनऐवजी त्याला मिळाली. नंतर चौथा आलेला ब्रॅड केसेलोव्स्की गाडीचे वजन कमी भरल्याने बाद झाला आणि चॅस्टेन चौथा ठरला. त्याची ती फेरी १८.८४५ सेकंदांची होती. जोई लोगानोने २०१४ साली, याहून जास्त ताकदीच्या गाडीत, पात्रता फेरीत नोंदवलेल्या १८.८९८ सेकंदांच्या विक्रमापेक्षाही ती कमी होती.

मला त्या धाडसाचे मनापासून कौतुक वाटते. पण भिंतीच्या पलीकडे माणसे बसलेली असतात, आणि एकाला जमले की दुसऱ्या वेळी दहा जण ते करून पाहतील. म्हणून पुढच्या जानेवारीत नॅसकारने सुरक्षिततेचा नियम लावून अशा युक्तीला दंड होईल असे जाहीर केले, ते योग्यच झाले. आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या तोंडी चॅस्टेनचे नाव होते. जिंकण्यावाचून पर्याय नसताना खरोखर जिंकून दाखवणाऱ्या बेलबद्दल आमच्या आसपास फारसे कोणी बोलत नव्हते. इथल्या विजेत्याला १९६४ पासून करंडकाऐवजी माणसाहून उंच असे लंबकाचे लाकडी घड्याळ देतात. त्या घड्याळाशेजारी उभा असलेला बेल मी दुर्बिणीतून पाहिला. लोक बाहेर पडत होते. आजोबा आणि मी मात्र टाळ्या वाजवत उभे होतो.

सोमवार, ३१ ऑक्टोबर : स्टुअर्ट

परतीच्या दिवशी वाट थोडी वाकडी करून आम्ही पश्चिमेकडच्या स्टुअर्ट या गावी गेलो. १९५० साली ग्लेन वुड यांनी सुरू केलेल्या वुड ब्रदर्स संघाचे हे मूळ गाव, आणि इथे त्यांचे छोटे संग्रहालय आहे. शर्यतीच्या मध्ये चाके बदलून इंधन भरण्याच्या कामात शिस्त आणि वेग आणणारे म्हणून या भावांचे नाव घेतात. १९६५ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत जिम क्लार्क या चालकाच्या विजयात त्याच्या गाडीला सेवा देणारे हात यांचेच होते. गाड्या दोऱ्यांच्या पलीकडून नव्हे, तर अगदी जवळून पाहता येतात, हे इथले मोठे सुख. मी एका जुन्या लाल-पांढऱ्या गाडीच्या चाकाआडचा ड्रम ब्रेक बराच वेळ न्याहाळला. संग्रहालयाच्या वेळा मर्यादित आहेत, आधी चौकशी करून जावे.

तिथून पुढे घाट चढून ‘लव्हर्स लीप’ या कड्यावर गेलो. खाली स्टुअर्टचे खोरे रंगांनी भरले होते, वारा बोचरा होता आणि माणूस एकही नव्हता. उरलेले शंकरपाळे तिथेच संपवले. उतरताना जावयांचा पाय सारखा ब्रेकवर होता. दुसऱ्या मैलानंतर मी त्यांना गिअर खाली टाकायला सांगितले. त्यांनी टाकला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आपोआप आवरली. खाली सपाटीवर आल्यावर आम्ही कडेला थांबलो. मी उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात धरला. चांगलीच ऊब लागत होती, आणि वास तोच होता.